झाशीला उतरलो, बर्थ पुढे गेला

आधी कामाचं. पुण्याहून उत्तरेकडे जाताना मध्येच दोन दिवस उतरून फिरायचं असेल, तर मोबाइलवर काढलेल्या एकाच तिकिटावर ते होत नाही. ‘पाचशे किलोमीटरच्या वरचं तिकीट असलं की वाटेत उतरा, दोन दिवस हिंडा, त्याच तिकिटावर पुढे जा’ असं छातीठोक सांगणारा एक व्हिडिओ आम्ही दोनदा बघितला आणि पुणे ते पठाणकोट कॅंट अशी झेलम एक्सप्रेसची दोन स्लीपर तिकिटं काढून मोकळे झालो. बेत असा: रविवारी दुपारी झाशी, तिथून ओरछा, बुधवारी दुपारी तीच गाडी पकडून गुरुवारी सकाळी पठाणकोट, मग धरमशाळा.

भोपाळ सोडल्यावर टीसी आले. माझ्या मेहुण्याने ऐटीत आमचा बेत सांगितला. टीसींनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. ‘बर्थ आज की गाड़ी में है. बुधवार की गाड़ी में आपका क्या है?’

काहीच नव्हतं. व्हिडिओतला नियम खरा आहे, पण अर्धा. पाचशेच्या वरच्या तिकिटावर प्रवास खंडित करता येतो, पहिले पाचशे किलोमीटर झाल्यानंतर. हजारापर्यंतच्या तिकिटाला एकदा, त्यापुढच्याला दोनदा. एका ठिकाणी जास्तीत जास्त दोन दिवस, त्यात उतरायचा आणि चढायचा दिवस धरत नाहीत. राजधानी, शताब्दीला ही सवलत नाही. पण बर्थ हा त्या तारखेच्या त्या गाडीचा असतो. आपण उतरलो की तो आपल्याशिवाय पुढे जातो. दोन्ही टप्प्यांचं आरक्षण एकाच तिकिटावर हवं असेल तर आरक्षण खिडकीवर जाऊन फॉर्मवर तसं लिहून द्यायचं, आणि जिथे उतरू तिथे स्टेशनवर तिकिटावर शेरा मारून घ्यायचा. एवढी यातायात करायचं कारण पैसे. अंतर वाढतं तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, त्यामुळे एक लांब तिकीट दोन तुकड्यांपेक्षा स्वस्त पडतं. खिडकीवर जायचा कंटाळा असेल तर सरळ दोन वेगळी तिकिटं काढा. आमच्यासारखं मधलं काही करू नका.

टीसी भला माणूस. जाताजाता त्यांनी आणखी एक सांगितलं आणि तेवढ्यावर सहल तरली. झाशीहून बुधवारी सुटणारी गाडी पुण्याहून मंगळवारी निघते, म्हणून तिचं तत्काळ, म्हणजे आदल्या दिवशी उघडणारं आरक्षण, सोमवारी उघडतं. आम्ही मंगळवार धरून बसलो असतो. तत्काळचा आदला दिवस गाडी जिथून निघते तिथल्या तारखेवरून मोजतात, आपण कुठे चढतो त्यावरून नाही. हे वाक्य पाठ करा. एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला.

आता रिक्षा. या रिक्षावाल्याबद्दल मी अजून झोपेत बोलतो असं बायको सांगते.

झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा मध्य प्रदेशात, अंतर सोळा-सतरा किलोमीटर. स्टेशनबाहेर चारशे ठरले. ‘मंदिर तक?’ ‘हाँ हाँ, मंदिर तक.’ हमरस्त्यावरून ओरछाकडे वळायला तिगैला म्हणून फाटा आहे, तिथे गाडी बाजूला लागली. चारशे इथपर्यंतचे, ‘आगे एमपी लगता है’, परमिटचे दोनशे वेगळे. उन्हात, सामानासकट, फाट्यावर. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, उतरू या.’ मी म्हटलं, उतरून काय करायचं, पाठीवर सॅक घेऊन वारी काढायची? पंधरा मिनिटं हुज्जत घालून पाचशेवर मिटलं. पुढे सीमा कुठे लागली तेही कळलं नाही. ना नाका, ना पावती. त्याच रस्त्यावर झाशीच्या बस स्टॅंडवरून माणसं भरून शेअर टेम्पो चालतात, परतताना आम्ही त्यातूनच आलो, माणशी काही दहाच्या नोटांत. स्टेशन ते बस स्टॅंडही शेअर रिक्षा मिळते. स्वतंत्र रिक्षा करायचीच असेल तर बसण्याआधी ‘ओरछा, रामराजा मंदिर तक, एमपी मिलाकर’ हे चौघांना ऐकू जाईल असं वदवून घ्या.

सोमवारी अकराच्या आधी आम्ही जहांगीर महालात होतो. ओरछाचा राजा वीरसिंह देव याने बांधलेला हा महाल बघण्यासारखा आहे असं सगळे म्हणतात, असेलही. मी त्यातली वरच्या मजल्यावरची एक जाळीची खिडकी बघितली, कारण तिथे रेंजच्या दोन दांड्या येत होत्या. ऑनलाइन तत्काळला आता आधारचा ओटीपी लागतो, तो आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि मेहुण्याच्या आधारला नंबर त्याच्या वडिलांचा. वडील साताऱ्यात. बोलत असताना त्यांना मेसेज उघडता येत नाही.

‘बाबा, आईच्या फोनवरून बोला, तुमच्या फोनवर बघा.’

‘आई पोळ्या करतेय.’

‘बाबा, फोन घ्या तिचा!’

सहा आकडे आले. पाचवा सात की नऊ यावर वाद झाला. अकरा वाजून चार मिनिटांनी दोन बर्थ मिळाले, एक मधला, एक साइड अप्पर. मी त्या महालात ओरडलो, एका परदेशी बाईंनी दचकून कॅमेरा खाली केला. निघण्याआधी घरच्या घरी आधारचा नंबर तपासा. आणि नक्की झालेलं तत्काळ रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही, म्हणून बेत पक्का असेल तरच काढा.

त्या आनंदात ओरछा एकदम आवडलं. स्मारकांचं एकच तिकीट बऱ्याच ठिकाणी चालतं, खिशात ठेवा. जिने उंच आणि अंधारे आहेत, मांड्या भरून येतात. रामराजा मंदिरात रामाला राजा मानून पोलीस सलामी देतात. मूर्ती राणीने अयोध्येहून आणली, शेजारचं चतुर्भुज मंदिर त्या मूर्तीसाठीच बांधलं होतं, पण राणीच्या महालात ठेवलेली मूर्ती तिथून हललीच नाही अशी कथा आहे. दुपारी दार बंद असतं, फोटो काढू देत नाहीत. संध्याकाळी बेतवा नदीकाठच्या छत्र्यांवर, म्हणजे राजांच्या समाध्यांवर, गिधाडं बसलेली दिसतात, तिथे मात्र घाई करू नका. मंगळवार नुसता नदीवर गेला.

बुधवारी सकाळी झाशीचा किल्ला. हाही वीरसिंह देवाचाच, १६१३चा. पुढे पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी तो वाढवला. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या देवळाची घंटा आहे, तेच हे. बाकी मराठी माणसाला राणीबद्दल मी काय सांगणार? आत कडक बिजली तोफ आहे, राणीचा तोफची गुलाम गौस खान याची कबर आहे आणि राणीने घोड्यावरून उडी घेतली ती जागा म्हणून तट दाखवतात. तिथून खाली वाकून बघितल्यावर मेहुणा पहिल्यांदाच गप्प झाला.

दुपारी चढलो तेव्हा दोन्ही जागांवर मिळून सात माणसं. ‘थोड़ा एडजस्ट कर लीजिए.’ दिल्लीपर्यंत तसंच चालतं, भांडून उपयोग नाही. मधला बर्थ रात्री दहाच्या आत लावता येत नाही, तोवर बसूनच राहायचं. साइड अप्परवाला तेवढा सुखी, म्हणून तो मी घेतला. दिल्लीनंतर माणसं कमी झाली आणि थंडी सुरू झाली. स्लीपरला चादर-ब्लॅंकेट मिळत नाही. नोव्हेंबरात खिडकीच्या फटीतून येणारं वारं पहाटे कानात शिरतं. कानटोपी आणि जाड शाल सॅकच्या तळाशी ठेवू नका, मी ठेवली होती.

धरमशाळेचे चार दिवस छान गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

एक राहिलंच. किल्ला बघायला जाताना सामान झाशी स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवलं. तिथे प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि बिनकुलपाची बॅग घेत नाहीत, हा नियमच आहे. सॅकला कसलं कुलूप? बाहेर येऊन दोन घेतली, प्रत्येकी ऐंशीला, घरी कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीसला मिळतात. दोघांनी चेनच्या दोन टोकांतून ओवून लावली. पठाणकोटला कळलं की माझ्या कुलपाची किल्ली मेहुण्याच्या कुलपालाही लागते.