आमची होम स्टडी : अमळनेरच्या घरात विचारलेले प्रश्न

मूल दत्तक घ्यायचं ठरलं आणि आम्ही ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी केली. पॅन कार्ड, लग्नाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं भराभर जमली. यांची कापसाची शेती, पगाराची स्लिप कुठून आणणार? तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडला, तो चालला.

वयाचं मात्र आधी नीट समजून घ्या. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ९० आहे. आमची बेरीज ८८. म्हणजे तान्हं बाळ नाही, चालतंबोलतं मूल.

होम स्टडीसाठी, म्हणजे मूल देण्याआधी घर आणि घरची माणसं पारखायला, दत्तक संस्थेच्या समाजसेविका ताई घरी आल्या त्या याच धाग्याने बोलू लागल्या. मूल रात्री उठून संस्थेतल्या मावशीसाठी रडलं तर काय कराल? तुम्हाला महिनोन्‌महिने आई म्हणालं नाही तर? मूल होण्यासाठीचे उपचार सोडलेत, ते दुःख मनातून गेलंय का? मला वेगळं विचारलं, यांना वेगळं, मग दोघांना समोर बसवून. शेवटच्या प्रश्नाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी घाई केली नाही, पेन बाजूला ठेवून थांबल्या. गच्चीच्या जिन्याला कठडा नव्हता, तेवढं मात्र लगेच वहीत टिपून घेतलं. त्याच आठवड्यात यांनी लोखंडी कठडा बसवून घेतला.

सासूबाईंना विचारलं, मुलगा हवा की मुलगी? जात माहीत नसेल, चालेल का? त्या अहिराणीतच म्हणाल्या, “आंडोर राहो का आंडेर, मन्हंच शे ते.” जातीच्या प्रश्नालाही हेच उत्तर.

नात्यातले काही म्हणाले, पोटी मूल होणाऱ्यांना कोणी असं विचारतं का, मग तुमचीच एवढी चौकशी कशाला? मला ते पटत नाही. या लेकरांचं एक घर आधीच सुटलेलं असतं. दुसऱ्या घरात पाठवण्याआधी त्यांच्या वतीने कोणीतरी खोदून विचारलंच पाहिजे. मूल मोठं झाल्यावर त्याला खरं सांगणार का, हेही विचारलं. आम्ही सांगणार, पहिल्यापासून सांगणार.

सगळ्यांत जड गेला तो प्रश्न वेगळाच होता : तुम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं तर मूल कोण सांभाळेल? आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. धुळ्याच्या नणंदेला फोन लावला, तिने एका शब्दात हो म्हटलं आणि पुढे लेखीही दिलं.

अहवाल आता पोर्टलवर चढला आहे, तो तीन वर्षं चालतो. आम्ही यादीत आहोत. तुम्ही नोंदणी करणार असाल तर ताई घरी यायच्या आधीच हे नात्यात बोलून ठेवा.