सुतक नाय, नुसती आंघोळ

श्रावणात मालवणला आजीकडे गेले होते, पण सुट्टी आपली नावाला. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने आमच्या सुपरनोव्हाची, म्हणजे स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्याची, निरीक्षणं दोन दिवसांपूर्वी घेतली होती आणि डेटा पुण्याच्या सर्व्हरवर येऊन पडला होता. माडीवर मोबाइलच्या दोन काड्या येतात, तिथेच पाटावर लॅपटॉप मांडला. सकाळपासून वीज दोनदा गेली. तिकडचा सर्व्हर काही थांबत नाही, ते एक बरं.

45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या दोन त्या रात्री बंद. उरलेल्यांच्या डेटातून मोबाइल-उपग्रहांचा गोंगाट उपसण्यात अख्खी दुपार गेली. चारच्या सुमारास 1260 मेगाहर्ट्झची प्रतिमा उघडली, तर ताऱ्याच्या जागी बारीकसा ठिपका! गोंगाटाच्या जेमतेम पाचपट. मागच्या दोन्ही खेपांना तिथे काहीच नव्हतं. शेजारच्या एका तेजस्वी स्रोताची वलयं त्या बाजूला पसरतात, त्यातलंच काही असेल, म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे अँटेनांच्या मोजमापातल्या चुकांची दुरुस्ती, पहिल्यापासून केलं. वलयं फिकी झाली, ठिपका जागचा हलला नाही.

मग 400 मेगाहर्ट्झची प्रतिमा. कोरी. खरं सांगायचं तर मी जास्त खूश झाले ती या कोऱ्या चित्रावर. आमचा तारा लाल महाराक्षसी, म्हणजे म्हातारपणी प्रचंड फुगलेला. असे तारे मरण्याआधी सेकंदाला दहाएक किलोमीटर वेगाने वायू सोडत असतात. स्फोटाचा धक्का त्यावर सेकंदाला 10,000 किलोमीटरने आदळतो, तिथे इलेक्ट्रॉन पिसाटतात आणि चुंबकीय क्षेत्रात गरगरत रेडिओ लहरी सोडतात. बाहेरचा आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला, वायू मात्र कमी वारंवारतेच्या लहरी जास्त गिळतो. वरची वारंवारता दिसली, खालची नाही, म्हणजे वायू अजून दाट. किती दाट, तेही यातूनच काढता येतं. वेगातला फरक हजारपट, वायूने हजार दिवसांत कापलेलं अंतर धक्का एका दिवसात कापतो, म्हणून आमचा एक दिवस म्हणजे ताऱ्याची पावणेतीन वर्षं. स्फोटाला 80 दिवस झाले होते. स्फोटाच्या सुमारे 220 वर्षं आधी सुटलेला वायू आम्ही पाहत होतो.

आजी जिन्यात येऊन उभी. "गावला काय गो?"

"गावला."

"तारो मेलो कधी?"

"दोन कोटी वर्षां झाली. खबर आता इली."

"मगे सुतक नाय. न्हा आणि जेवूक ये."

जेवून वर आले आणि मधल्या 650 मेगाहर्ट्झवर दुर्बिणीचा वेळ मागायचा अर्ज लिहायला घेतला. तिसऱ्या ओळीला वीज गेली.