एस. फडके म्हणजे कोणते फडके?

गाण्याच्या कंपनीच्या मुलाखतीत गायला सांगतील म्हणून मी ज्येष्ठमध चघळत गेले होते. त्यांनी विचारलं, "एक्सेल येतं का?"

त्याआधी सांगलीत बसून मी नोकरीसाठी चाळीसेक मेल पाठवले होते. सगळ्यांची सुरुवात एकच: मला लहानपणापासून संगीताची आवड आहे. उत्तरं आली दोन. एकानं नम्रपणे नाही म्हटलं. दुसऱ्या स्टुडिओला तीन महिने फुकट काम हवं होतं, बदल्यात 'एक्स्पोजर'. त्यावर लोकलचा पास निघत नाही.

जमलं ते आजोबांच्या चिडण्यामुळे. मी त्यांना मोबाइलवर जुनी भावगीतं लावून द्यायचे, आणि ते स्क्रीन बघून वैतागायचे. "अगं, हे वसंत पवारांचं नाही, वसंत प्रभूंचं!" मराठी संगीतकारांत गाजलेले वसंत तीन: प्रभू, पवार, देसाई. ॲपवर तिघांची खिचडी. माडगूळकर कुठे ग. दि., कुठे जी. डी., कुठे नुसते गदिमा. म्हणजे मशीनच्या लेखी तीन वेगळे कवी. 'एस. फडके' म्हणजे तर कहरच. सुधीर की श्रीधर? वडील की मुलगा?

आजोबांच्या कपाटातल्या रेकॉर्डची कव्हरं उलटीपालटी करून मी एका लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, ६३ गाण्यांमधल्या चुका काढल्या. तीन रकाने केले: काय लिहिलंय, काय हवं, कव्हरचा फोटो. मेलमध्ये आवडीबद्दल चकार शब्द नाही. चौथ्या दिवशी त्याच लेबलचा फोन आला.

आता मी डोंबिवलीला मावशीकडे राहते. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रोनं अंधेरी. महिन्याला दहा हजार. कामाचं नाव मेटाडेटा, म्हणजे गाण्यासोबतची माहिती: कोणी लिहिलं, चाल कोणाची. ॲपवरच्या प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळखीसाठी आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा कोड असतो. त्यात वर्षाचे दोन आकडे असतात, ते कोड दिल्याच्या वर्षाचे, गाणं ध्वनिमुद्रित झालं त्याचे नव्हेत. पहिल्या आठवड्यात मी हे उलटं समजून एक अख्खी शीट 'सुधारून' ठेवली. ती पूर्ववत करायला शनिवार गेला.

हे कारकुनी वाटतं खरं, आजोबांनाही वाटलं ("म्हणजे तू गाण्याच्या कंपनीत हिशेबनीस?"). पण गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वाटणारी आयपीआरएस ही संस्था नोंदीतल्या नावांवरही अवलंबून असते. गदिमा १९७७ साली गेले. आपल्याकडे कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे त्यांच्या गाण्यांवर तो २०३७ अखेरपर्यंत आहे. नाव तीन तुकड्यांत विखुरलं की पैसे अडकून पडू शकतात. हे सांगितल्यावर आजोबा गप्प झाले, मग म्हणाले, "यादी वाच."

तेव्हापासून दर रविवारी फोनवर यादी वाचते. गेल्या रविवारी चार 'एस. फडके' उरले होते. एकाची चाल ऐकून ते लगेच म्हणाले, "बाबूजी. शंकाच नको." म्हणजे सुधीर फडके.

सोमवारी मी ऑफिसातल्या मॅमना सांगितलं. त्या हसल्या. "आजोबांचं बरोबरच असेल गं. पण पुराव्याच्या रकान्यात 'आजोबा' लिहिता येत नाही. कव्हर आण."

आजोबांच्या कपाटात ती रेकॉर्ड नाही. या शनिवारी चोर बाजारात बघते.