स्टेअरिंग डावीकडं, चाकं उजवीकडं

आमचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात. उसाच्या ट्रॉलीचे एक्सल, ऑईल इंजिनचे पार्ट, कुणाचं काय तुटलं-फुटलं असलं काम रोजचं, त्यामुळं मागच्या पावसाळ्यात शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्या शेठनी टेम्पोवरची ताडपत्री ओढली आणि खालनं लाल कोब्रा गाडी निघाली तेव्हा आख्खी बोळ गोळा झाली. शेजारचा पावडर कोटिंगवाला तर भट्टी तशीच सोडून आला.

खरी कोब्रा नव्हे बरं का. खरी १९६२ ला निघाली, कॅरोल शेल्बी म्हणून अमेरिकन माणूस, त्यानं इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घातलं. ही तिची नक्कल, पाईपची चॅसी, वर फायबरची बॉडी, आत फोर्डचं ३०२ इंजिन, म्हणजे साधारण पाच लिटरचं. आणि स्टेअरिंग डावीकडं.

शेठ म्हणाले, मिस्त्री, उजवीकडं आणायचं. मी म्हटलं शेठ, राहू दे की तसंच. लोकांना वाटतं डाव्या स्टेअरिंगची गाडी आपल्याकडं चालतच नाही, पण मोटार वाहन कायद्याचं कलम १२० एवढंच म्हणतं की इशारा द्यायचं साधन चालू पाहिजे. उलट कलम ५२ बघितलं तर नोंदणीच्या कागदावर आहे त्यापेक्षा गाडी वेगळी करून ठेवली की भानगड होते. ते म्हणाले रस्त्यावर काढायचीच नाही, पन्हाळ्याच्या वाटेला शेत आहे, आत स्वतःचा डांबरी रस्ता केलाय, तिथंच फिरवणार. "पण डाव्या बाजूला बसलं की माझ्याच गाडीत पाव्हणा आल्यासारखं वाटतंय बघा." यावर काय बोलणार, घेतलं काम.

पॅडल, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, क्लचची लाईन हे सगळं इकडचं तिकडं करायला आठ दिवस गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरसाठी बॉडी कापताना छाती धडधडत होती, फायबर एकदा तडकलं की तडा पळत सुटतो. खरी अडचण एक्झॉस्टची. या इंजिनाला स्टार्टर उजव्या बाजूला, एक्झॉस्टचे चार पाईपही तिथनंच खाली येतात, आणि आम्हाला स्टेअरिंगचा रॉड न्यायचा तोही त्यातनंच. रॉड वाकवून न्यायला क्रॉस, म्हणजे फिरते सांधे लागतात, आधी दोन होते, आता तीन लागले. तीन क्रॉस म्हटलं की मधे बेअरिंगचा आधार पाहिजे, नाहीतर रॉड दोरीउडीसारखा हलतो.

आणि मग रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दात्यांची आडवी पट्टी, तिला स्टेअरिंगच्या रॉडच्या टोकाचा छोटा गिअर, पिनियन, सरकवतो. इथं मी जी माती खाल्ली ती अजून आठवली की कान गरम होतात.

रॅक चाकांच्या एक्सलच्या पुढं होता, पिनियनचं टोक डाव्या बाजूला, तोंड ड्रायव्हरकडं. मला वाटलं सोपं आहे, बोल्ट काढायचे, तव्यावरची भाकरी पलटतो तसा रॅक पलटायचा, डावं टोक उजवीकडं येतं आणि तोंड परत ड्रायव्हरकडंच राहतं. तसं केलं. पिनियनचं तोंड थोडं खाली झुकलं, ते क्रॉसनं सांभाळून घेतलं. तिथंच शंका यायला पाहिजे होती, पण शनिवार होता, संध्याकाळी शेठ बघायला येणार होते आणि मी खुशीत होतो.

आमचे टर्नर मामा, सत्तरीच्या पुढचे, कायम लेथपाशी. ते चहाचा ग्लास घेऊन आले आणि नुसतं म्हणाले, "पोराला बसव की आत, फिरवून तर बघू." गाडी स्टँडवर होती. गॅरेजमधलं पोरगं बसलं, दोन्ही हातांनी स्टेअरिंग डावीकडं फिरवलं.

चाकं उजवीकडं गेली.

पोरगं हसायला लागलं, मीपण हसलो, मग एकदम हसू गेलं. मामा चहा पीत राहिले. तशीच खाली उतरवून स्टार्ट केली असती तर समोर पावडर कोटिंगची भिंत होती. पाच लिटरचं इंजिन आहे ते, पहिल्या गिअरला दचकून सुटतं.

मामांनी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. आधी पिनियन रॅकच्या खाली होता. स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं की पिनियनची वरची बाजू उजवीकडं जाते, तिच्या दातांवर रॅक बसलेला, तोही उजवीकडं, चाकं उजवीकडं. पलटल्यावर पिनियन आला रॅकच्या वर. आता रॅक चिकटलाय पिनियनच्या खालच्या बाजूला, आणि ती जाते डावीकडं. "लेका, डावा हातमोजा कितीबी फिरीव, उजव्या हातात बसतोय व्हय?" आयटीआयला दोन वर्षं गिअर काढले होते मी, पण हे हातानं केल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही.

पोरगं म्हणालं मग रॅक एक्सलच्या मागं घेऊया, उलट्याचं सुलट होईल. डोकं बरोबर चाललं होतं त्याचं, पण मागं इंजिनचं ऑईल चेंबर लोंबतंय, जागाच नाही.

शेठना फोन केला, खरं तेच सांगितलं. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, बरं झालं मी बसलो नव्हतो.

मग उजव्या स्टेअरिंगच्या गाडीचा, एक्सलच्या पुढं बसणारा रॅक शोधला. दहा दिवसांनी जुन्या मालात मिळाला, पण दोन्ही टोकांच्या बॉलमधलं अंतर २२ मिलिमीटर कमी. एवढ्यानं काय होतंय असं वाटतं, पण रॅकचे सांधे आणि खालच्या विशबोनचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचे सांधे जुळले नाहीत तर खड्ड्यात चाक वर-खाली झालं की आपोआप वळतं, स्टेअरिंग धरून बसलात तरी. वेल्डिंग करून लांबी वाढवायचा सल्ला दोघांनी दिला. स्टेअरिंगच्या कुठल्याच तुकड्याला मी वेल्डिंग लावत नाही, मग कोण काय म्हणू दे. मामांनी ईएन-२४ या चिवट पोलादातनं दोन आटे पाडलेले तुकडे काढले, अकरा-अकरा मिलिमीटरचे. स्प्रिंग काढून, जॅकनं चाक वर-खाली करत, फळीला दोन खिळे मारून मोजत बसलो दिवसभर. रॅक चार मिलिमीटर खाली घेतल्यावर चाक सरळ वर-खाली जायला लागलं.

एवढं होऊनही स्टेअरिंग एका ठिकाणी जड, पुढं हलकं, परत जड लागत होतं. ती चूक लगेच सापडली, एका क्रॉसची फोर्क दुसऱ्याशी जुळवून बसवली नव्हती. एक दाता सरकवला, झालं.

हेडलाईटही बदलायला लागले. डाव्या स्टेअरिंगच्या गाडीचा डिपर उजव्या बाजूला उंच फेकतो, म्हणजे आपल्याकडं थेट समोरच्याच्या डोळ्यात. शेठ म्हणाले शेतात समोरनं कोण येतंय, म्हैस? तरी बदलले.

शेतावर पहिली चक्कर शेठनी मारली, मी शेजारी. पहिल्या वळणाला ते सवयीनं इंडिकेटर द्यायला गेले आणि कोरड्या काचेवर वायपर खरखरत सुरू झाला. त्यांच्या इनोव्हाला इंडिकेटर उजव्या हाताला, हिला डाव्या, ते दांडे तसेच उचलून आम्ही इकडं आणले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, सोमवारी पाठवा गाडी.