सिमेंटच्या आतला चिखल

न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या डोंगराळ खेड्यांत कच्च्या विटांच्या बुटक्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. त्या ‘मोराडा’, पेनितेन्ते या कॅथलिक बंधुसंघाच्या बैठकीच्या आणि प्रार्थनेच्या जागा. एकोणिसाव्या शतकात इकडे पाद्री फार थोडे होते. तेव्हा गावच्या याच माणसांनी प्रार्थना चालवल्या, मृतांना माती दिली, विधवांची घरं सांभाळली. आणि याच माणसांकडे चर्च अनेक वर्षं संशयानं पाहत राहिलं! सांता फेच्या आर्चबिशपांची मान्यता मिळायला १९४७ साल उजाडलं.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करताना अशाच एका मोराडाच्या उत्तर भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा आम्ही उतरवत होतो. वरचा भाग ठणठणीत निघाला. जमिनीपासून हातभर उंचीवर मात्र पहिला पोपडा निघाला आणि छिन्नी मुठीपर्यंत आत गेली. विटा मळलेल्या कणकेसारख्या झाल्या होत्या, त्यांतला पेंढा काळा पडला होता. सिमेंटच्या भेगांतून शिरलेलं आणि जमिनीतून चढलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. मातीच्या गिलाव्यातून ते वाळून गेलं असतं. बाहेरून पाहिलं तर भिंत धडधाकट, आणि तिच्यावर छताच्या गोल तुळयांचा सगळा भार.

मी काम थांबवलं. आधी तुळयांना टेकू दिले.

बंधुसंघाचे प्रमुख, चांगले वयस्कर गृहस्थ, जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, “सिमेंट आम्हीच लावलं होतं. दरवर्षी माती लिंपायला माणसं उरली नव्हती.”

याला काय उत्तर देणार? जवळच्याच रांचोस दे ताओसच्या प्रसिद्ध चर्चलाही १९६७ साली सिमेंट लावलं होतं. भिंती ओलावल्या, तेव्हा १९७९ मध्ये ते काढून पुन्हा माती आली. आता तिथे गावकरी दरवर्षी एकत्र येऊन लिंपण करतात. पण तिथे हात पुष्कळ आहेत, इथे मोजकेच.

दुपारी आम्ही पन्हळीचं पाणी भिंतीपासून लांब वळवलं आणि पायथ्याशी साचलेला मातीचा थर खणून काढला. सडलेल्या विटा एकदम काढायच्या नाहीत, थोडा भाग काढून भरायचा, मग दुसरीकडचा, असं ठरलं. नव्या विटांसाठी माती गावातलीच.

आतल्या एका खोलीचं मोजमाप मात्र घ्यायचं नाही, अशी बंधूंची विनंती होती. नकाशात ती जागा मी कोरी सोडली. दस्तऐवज अपुरा राहिला अशी कुणी तक्रार केली, तर ती मी आनंदानं ऐकून घेईन.