दोन नटांवर चाललेली इनोव्हा

तक्रार आवाजाची होती. मागच्या डाव्या चाकातून टक्-टक् येते आणि ब्रेक दाबला की बंद होते. टुरिस्ट पासिंगची इनोव्हा, पत्र्याच्या रिमवर प्लॅस्टिकचं कव्हर. कव्हर काढताच आतून एक नट खाली पडला, त्याच्यात स्टडचा (नट ज्यावर आवळतात त्या आट्यांच्या खिळीचा) तुकडा तसाच अडकलेला. पाचपैकी दोन स्टड मोडलेले, तिसरा नटाबरोबर जागच्या जागी फिरणारा. चाक उरलेल्या दोघांवर होतं.

मोडलेल्या स्टडचं तोंड पुसून उजेडात धरलं की बरंच कळतं. एक तोंड पूर्ण गंजलेलं होतं, म्हणजे तो बराच आधी गेलेला. नटात अडकलेल्या तुकड्यावर मात्र काठापासून आत सरकत गेलेल्या काळपट, चंद्रकोरीसारख्या रेषा होत्या आणि उरलेला एक तृतीयांश हिस्सा चकचकीत, दाणेदार. तडा रोज थोडा पुढे सरकत होता, चकचकीत भाग मात्र एका झटक्यात तुटला. ही मोड ओव्हरलोडची नाही, ढिल्या नटाची आहे. स्टडने चाकाचं वजन अंगावर घ्यायचं नसतं, त्याने रिम ब्रेकच्या ड्रमवर आवळून धरायची असते. या गाडीचा स्टड १२ मिमी, आटे १.५ पिचचे (दोन आट्यांत दीड मिमी अंतर), टॉर्क म्हणजे नट आवळायचा जोर १०३ न्यूटन-मीटर. एवढ्यावर प्रत्येक स्टड साधारण चार टनांनी रिम दाबून ठेवतो. ती पकड गेली की चाकाच्या प्रत्येक फेरीला स्टड वाकतो आणि सरळ होतो.

आता पकड गेली कशाने? उत्तर तिसऱ्या स्टडमध्ये होतं, पण आधी तो निघायला हवा. उरलेल्या दोघांचे नट काढून रिमच्या मागे टॉमी (लोखंडी कांब) घालून रिम बाहेर रेटली, म्हणजे स्टडचं डोकं फ्लँजला (एक्सलच्या टोकाच्या चकतीला) घट्ट बसतं आणि कधीकधी नट सुटतो. इथे सुटला नाही. छिन्नीने नट उभा फोडावा लागला.

जॅक लावण्यापूर्वीची एक गोष्ट. या गाडीला ताकद मागच्या चाकांना जाते. ड्रम काढायला हँडब्रेक सोडावा लागतो आणि एक मागचं चाक हवेत असलं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीमुळे) गिअर गाडी धरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि एक्सलखाली घोडा (लोखंडी स्टँड), त्याशिवाय हात घालू नये.

ड्रम चिकटलेला असला तर त्यावर घण चालवायचा नाही. ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात. त्यात ८ मिमीचे बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. मग फ्लँज फिरवून स्टडचं डोकं ब्रेक शू आणि स्प्रिंगच्या मधल्या मोकळ्या जागेत आणायचं आणि स्टड मागे काढायचा. बॉल जॉइंटच्या प्रेसने काढलेला बरा. घणाचे ठोके एक्सलच्या बेअरिंगला बसतात, मग महिन्याभराने घरघर सुरू होते.

तिसरा स्टड हातात आला आणि उलगडा झाला. तो या गाडीचा नव्हताच. आटे तेच, म्हणून नट व्यवस्थित बसला होता, पण मानेवरच्या दात्यांचा व्यास कमी. फ्लँजच्या भोकात तो कधी रुतलाच नाही, म्हणून नट आवळताना तोही फिरायचा आणि पकड येत नव्हती. कोणीतरी दुकानात फक्त आटे जुळवून घेतला होता.

ड्रायव्हर म्हणाला, “मिस्त्री, मागून वेल्डिंगचे दोन टाके मारा ना, मला रात्री शिर्डी गाठायचीय.” बाजारात हे सर्रास चालतं आणि मला ते अजिबात मान्य नाही. स्टड उष्णता देऊन कडक केलेला असतो. टाका मारला की त्याच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पुढची मोड नेमकी तिथे होते.

त्याऐवजी व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला. नव्या स्टडचे दाते भोकापेक्षा दोन-तीन दशांश मिमी मोठे हवेत. पाचही भोकं त्यात बसली. स्टड अंगठ्याने आत गेला असता तर एक्सल शाफ्टच बदलावा लागला असता. एक स्टड मोडला तर शेजारचे दोन बदलतो, दोन मोडले तर सगळे. इथे पाचही बदलले. न तुटलेल्या दोघांनीच सगळा भार ओढला होता, तेव्हा त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

बसवताना दाते जुन्या खाचांना जुळवायचे, बाहेरून तीन-चार जाड वायसर घालायचे, वायसरच्या मध्ये ग्रीस, आणि एक टाकाऊ नट सपाट बाजू आत करून हातपान्याने ओढायचा. एअर गन नाही. पाना सुरुवातीपासून जड चालतो आणि डोकं फ्लँजला टेकलं की एकदम थांबतो. मागे बोट फिरवून फट उरली नाही ना, ते बघायचं. अर्धवट ओढलेला स्टड रस्त्यावर हळूहळू आत बसतो आणि नट आपोआप ढिला होतो.

रिमची भोकं लांबट झाली होती, म्हणून रिम बदलली. ड्रमचं तोंड तारेच्या ब्रशने गंज निघेपर्यंत घासलं. स्टडच्या आट्यांना तेल लावलं नाही. तेलावर तोच टॉर्क दिला तरी स्टड बराच जास्त ताणला जातो. नट हाताने लावले, चांदणीच्या क्रमाने, आधी निम्म्या टॉर्कवर, मग चाक जमिनीला टेकवून १०३ वर. पंक्चरच्या दुकानात पान्याला एक मीटरचा पाइप लावून साठ किलोचा माणूस त्यावर उभा राहतो, तेव्हा जवळपास ५९० न्यूटन-मीटर होतात. आटे ओढले जातात ते असे.

शिर्डीहून परतताना गाडी पुन्हा तपासायला आणवली. तीन नट जागचे हलले नाहीत, दोन नट जेमतेम जरासे फिरले आणि टॉर्क पान्याचा टक् आवाज आला.