क्योटोहून एका दिवसात कुठे जाऊन यावं? आम्ही काय निवडलं आणि काय सोडलं

क्योटोचं बुकिंग झालं आणि आसपास काय काय बघता येईल ते शोधायला बसले तर यादी संपेचना. नारा, ओसाका, कोबे, हिमेजी, उजी, हिएई पर्वत, कोयासान, हिरोशिमा, मियाजिमा… त्यात जपानच्या ट्रेन अशा की नकाशावर सगळंच एका दिवसात होईलसं वाटतं, अगदी हिरोशिमासुद्धा शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पावणेदोन तासांवर आहे. आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि आई म्हणजे माझ्या सासूबाई. आईंना चालायला आवडतं पण उभे जिने नकोत, नवऱ्याला किल्ले हवेत आणि मला देवळं कितीही दाखवा.

एक गोष्ट मात्र आम्ही पक्की ठरवली होती, ती म्हणजे पहिले दिवस फक्त क्योटोचे, बाहेरगावचं नंतर बघू. आधी शहर थोडं बघून झालं की मनात प्रश्न तयार होतात आणि मग कुठे जायचं ते आपोआप ठरत जातं, निदान आमचं तसंच झालं. सुरुवातीलाच तोजी हे देऊळ बघितलं. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, पाच मजली लाकडी पॅगोडा जवळजवळ ५५ मीटर उंच, जपानमधला सगळ्यात उंच. पण खरी गंमत व्याख्यान-दालनात आहे. आत अर्धवट अंधारात २१ मूर्ती मंडलासारख्या मांडलेल्या आहेत आणि त्यात हत्तीवर बसलेला इंद्र आणि हंसांवर बसलेला ब्रह्मदेव! नावं वेगळी, इंद्र म्हणजे तैशाकुतेन आणि ब्रह्मदेव म्हणजे बोनतेन. आई त्या इंद्रासमोरून हलायलाच तयार नव्हत्या.

तिथेच कळलं की ७९४ साली सम्राट कानमूने इथे नवी राजधानी वसवली तेव्हा शहराच्या आत दोनच देवळांना परवानगी दिली होती, तोजी आणि साईजी, म्हणजे पूर्वेचं आणि पश्चिमेचं. देवळांचं शहर म्हणून जग ज्याला ओळखतं तिथे सुरुवातीला फक्त दोन देवळं? का? तर पूर्वीच्या राजधानीत, नारामध्ये, मठ फार शिरजोर झाले होते, त्यांना नव्या शहरात यायला मनाई होती. झालं, पहिली डे ट्रिप तिथेच ठरली.

नाराला क्योटोहून जेआर म्हणजे जपान रेल्वेने पण जाता येतं आणि किनतेत्सु या खासगी रेल्वेने पण, साधारण पाऊण तासच लागतो, पण किनतेत्सुचं स्टेशन पार्कच्या खूप जवळ आहे आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर हा फरक मोठा आहे, दिवसभराचं चालणं पुढेच असतं. हरणांबद्दल सगळेच लिहितात त्यामुळे मी फार लिहित नाही, हजारावर हरणं मोकळी फिरतात, बिस्किटासाठी मान तुकवतात आणि पिशवीत कागद दिसला तर तोही ओढतात.

तिथल्या तोदाइजी देवळातल्या महाबुद्धाबद्दल मात्र लिहायलाच हवं. साधारण १५ मीटर उंच ब्राँझचा वैरोचन बुद्ध, आपण दारातून आत शिरतो आणि नजर वर वर जातच राहते. ७५२ साली या मूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला, आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेच्या वेळी नेत्रोन्मीलन करतात ना तसाच, आणि ज्यांनी हातात कुंचला घेऊन डोळ्यांची बुबुळं रंगवली ते भिक्षू भारतातून आले होते, बोधिसेन त्यांचं नाव. कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते दोर धरले होते, म्हणजे डोळे रंगवण्यात प्रत्येकाचा हात लागला. हे मी आईंना मूर्तीसमोर उभं राहून सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आत्ताचं दालन १७०९ सालचं आहे, मूळचं याहून बरंच रुंद होतं. एवढं प्रचंड काम उभं करणारे मठ राजधानीत किती वजन राखून असतील याचा अंदाज तिथे उभं राहिल्यावर येतो आणि कानमू नवीन जागा का शोधत होता तेही समजतं.

दुपारी कासुगा देवळाकडे जायचं का होर्युजीला हा प्रश्न होता, कारण नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला अंधार पडतो आणि बहुतेक देवळं चार-पाचलाच बंद होतात. आम्ही होर्युजी घेतलं आणि मी कोणालाही तेच सांगेन. नाराहून जेआरने १०-१२ मिनिटं, मग थोडी बस. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती इथे उभ्या आहेत, मूळ स्थापना ६०७ सालची. आणि इथल्या मुख्य दालनात भिंतीवर जी चित्रं होती ती बघून अभ्यासकांना अजिंठा आठवायचा. होती म्हणतेय कारण २६ जानेवारी १९४९ ला आग लागली आणि मूळ चित्रं होरपळली, आता दिसतात त्या प्रतिकृती आहेत. त्या आगीच्या धक्क्यामुळे जपानने पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारसा जपायचा कायदा केला आणि २६ जानेवारीला आजही देशभर देवळांमध्ये आग विझवायचा सराव करतात. प्रतिकृतीतसुद्धा बोधिसत्त्वाची मान किंचित कललेली, डोळे अर्धे मिटलेले, आपला पद्मपाणी पाहिलेल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही.

पुढचा प्रश्न क्योटोच्या रस्त्यावरूनच दिसतो. शहराच्या ईशान्येला एक डोंगर सारखा डोकावत असतो, तो हिएई, ८४८ मीटर. आपल्याकडे ईशान्य म्हणजे देवघराची दिशा आणि जपानमध्ये तीच दिशा अशुभ, राक्षस येण्याचा दरवाजा. त्यामुळे त्या डोंगरावरचं एनर्याकुजी हे राजधानीचं राखणदार मानलं गेलं. ७८८ साली साइचो नावाच्या भिक्षूने तिथे छोटंसं देऊळ बांधलं आणि पुढे तिथे अख्खा मठांचा डोंगर झाला. नाराच्या मठांपासून सुटका म्हणून नवी राजधानी केली तर आता या डोंगरावरचे भिक्षू हत्यारं घेऊन देवाच्या पालख्या खांद्यावर टाकून शहरात उतरायला लागले, मागण्या मान्य होईपर्यंत हलायचे नाहीत, आणि पालखीवर हात टाकायची कोणाची छाती होणार? शिराकावा सम्राट म्हणे म्हणायचा की माझं ऐकत नाहीत अशा तीनच गोष्टी, कामो नदीचं पाणी, फासे आणि डोंगरावरचे भिक्षू.

आम्ही पलीकडून चढलो. जेआरने हिएइझान-साकामोतो, तिथून साकामोतो केबल, म्हणजे दोराने डोंगरावर ओढली जाणारी रेल्वे, २ किलोमीटरच्या वर लांबीची, जपानमधली सगळ्यात लांब, आणि झाडीतून वर जाताना मागे बिवा तलाव उघडत जातो. मुख्य देऊळ कोनपोन-चूदो दुरुस्तीसाठी बाहेरून पूर्ण झाकलेलं होतं, पण आत जाता येत होतं. गाभाऱ्याची जमीन खोल आहे त्यामुळे देव आणि त्याच्यासमोरचे दिवे बरोब्बर आपल्या नजरेच्या पातळीवर येतात. हे दिवे १२०० वर्षं अखंड तेवतायत असं सांगतात. १५७१ साली ओदा नोबुनागा या सरदाराने डोंगरावरचे सगळे मठ जाळले तेव्हा इथली ज्योत गेलीच होती, पण हाच दिवा आधी उत्तरेतल्या यामादेराच्या देवळात नेऊन ठेवलेला होता तिथून परत आणला. आपल्या घरातला नंदादीप जपणाऱ्या आईंना हे सगळ्यात जास्त भावलं. थंडी मात्र खरंच बोचरी होती, खालच्यापेक्षा एक जाड थर जास्त हवाच.

हिमेजी हा नवऱ्याचा हट्ट होता आणि किल्ला पाहण्यासारखा आहे यात वादच नाही, पांढराशुभ्र, १६०९ सालचा, दुसऱ्या महायुद्धात गावावर बॉम्ब पडले तरी वाचलेला. पण आत सहा मजले, बूट काढून पिशवीत घ्यायचे आणि लाकडी जिने जवळजवळ शिडीसारखे. आईंना ते शक्य नव्हतं. मग सरळ दोन वाटा केल्या, तो एकटा हिमेजीला गेला आणि आम्ही दोघी उजीला. सुट्टीवर सगळ्यांनी सारखं एकत्रच हिंडलं पाहिजे असं नाही, संध्याकाळी तिघांकडेही सांगायला भरपूर होतं.

उजी जेआरने अर्ध्या तासाच्या आत येतं आणि सपाट आहे. फुजिवारा घराण्यातल्या योरिमिचीने वडिलांच्या नदीकाठच्या वाड्याचं १०५२ साली देऊळ केलं ते ब्योदोइन, आणि पुढच्या वर्षी फिनिक्स दालन बांधलं, तेच जे १० येनच्या नाण्यावर असतं. धर्माचा ऱ्हासकाळ १०५२ पासून सुरू होणार अशी त्या काळी समजूत होती, आपल्या कलियुगासारखी, म्हणून तळ्याकाठी अमिदा बुद्धाचा स्वर्गच उभा केला. आतल्या दर्शनाचं तिकीट वेगळं असतं आणि थोड्या थोड्या लोकांना सोडतात, त्यामुळे पोचल्या पोचल्या आधी ते घ्या, मग बाग बघा.

कोयासान हा मठांचा डोंगर आम्ही सोडला. दोन-तीन गाड्या बदलून जायला अडीच-तीन तास आणि यायला तेवढेच, मग तिथल्या ओकुनोइन स्मशानभूमीतल्या दोन लाख समाध्यांच्या वाटेवर घड्याळ बघत चालायचं? तिथे मठातच मुक्काम करता येतो, पुढच्या वेळी तसंच करू. हिरोशिमाचंही तेच. अंतर जमण्यासारखं आहे, पण अणुबॉम्बचं ते संग्रहालय बघून बाहेर पडल्यावर लगेच मियाजिमा बेटाची बोट पकडायला धावणं मला नको वाटलं. त्या गावाला किमान एक रात्र द्यायलाच हवी.